घोड्यावरून येणारे पाहुणे

लावणीच्या चिखलातून येऊन, हातपाय धुऊन बसला असाल. चहा हातात घ्या आणि ऐका. आज मी तुम्हाला घोड्यावरच्या सहलीबद्दल सांगणार आहे.

घोड्यावरची सहल म्हटली की आपल्याला माथेरान आठवतं, नाहीतर महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठची दहा मिनिटांची फेरी. पोराला घोड्यावर बसवायचं, एक फोटो काढायचा, उतरवायचं. मी सांगते ती सहल तशी नाही. ती चार-पाच दिवसांची, कधी आठवड्याची असते. दिवसभर डोंगरातून घोड्यावर चालायचं आणि रात्र मेंढपाळाच्या घरी काढायची. त्या घरातली बाई जे रांधेल ते जेवायचं, ती घालेल त्या अंथरुणावर झोपायचं. हे सगळं चालतं किरगिझस्तान नावाच्या देशात.

आता तुम्ही म्हणाल, हिला आजच किरगिझस्तान कुठून आठवला? सांगते. काजव्यांच्या दिवसांत आपल्या भंडारदऱ्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या कशा रांगा लागतात ते तुम्ही पाहताच. कळसूबाईला शनिवार-रविवारी पायरी दिसत नाही इतकी माणसं. आमच्या ग्रामसंघापुढे सध्या एक प्रस्ताव आला आहे. शहरातला एक तंबूवाला म्हणतो, पाण्याकाठची जागा मला अकरा महिन्यांच्या कराराने द्या, मी तंबू टाकतो, तुमच्या गटातल्या बायकांना स्वयंपाकाला आणि भांड्यांना रोजाने घेतो. निम्म्या बायका म्हणतात, घरबसल्या रोज मिळतो तर का सोडायचा? निम्म्या म्हणतात, जागा आपली, चूल आपली, मग आपण रोजाने का? त्याच सुमारास एका प्रशिक्षणात मी किरगिझस्तानातल्या या सहलींची चित्रफीत पाहिली आणि मग मिळेल तिथून वाचत गेले. आपल्या या भांडणाचं उत्तर तिथे आयतं मिळेल असं नाही. पण तिथल्या बायका याच वाटेनं गेल्यात, म्हणून ऐकण्यासारखं आहे.

देश लहान आहे. महाराष्ट्रापेक्षा लहान, आणि माणसं एकट्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. पण डोंगर केवढे! तिएनशान नावाची मोठी रांग, वर बर्फ, आणि कुठलाही समुद्र शेकडो कोस लांब. शेती थोडी. खरं धन म्हणजे मेंढ्या, गाई आणि घोडी. हिवाळ्यात माणसं खालच्या गावात राहतात आणि जून लागला की जनावरं घेऊन वरच्या कुरणात जातात. त्या कुरणाला ते ‘जैलू’ म्हणतात. आपले धनगर पावसापाण्याप्रमाणे कोकण-देश करतात, तट्टाच्या पाठीवर बिऱ्हाड लादतात, तसंच. फरक इतकाच की ते लांब जात नाहीत, उंच जातात.

तिथे सोंग-कोल नावाचं एक सरोवर आहे. समुद्रसपाटीपासून ३०१६ मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या शेंड्यावर जवळपास दुसरं कळसूबाई ठेवलं तर जी उंची होईल, तिथे हे तळं पसरलंय. हिवाळ्यात ते गोठतं. काठावर कायमचं गाव एकही नाही. उन्हाळ्याच्या तीन-चार महिन्यांतच तिथे तंबू दिसतात.

पाहुणे राजधानी बिश्केकहून गाडीने कोचकोर नावाच्या गावात येतात. तिथून पुढे किझार्त नावाच्या खेड्यात घोडी तयार असतात. घोडं बुटकं, दणकट, डोंगराला सरावलेलं. बरोबर गावातलाच एक वाटाड्या, त्याचं स्वतःचं घोडं. पहिल्या दिवशी चार-पाच तास चाललं की किलेमचे नावाचं कुरण लागतं. तिथे एका मेंढपाळ कुटुंबाकडे मुक्काम. दुसऱ्या दिवशी उंच खिंड चढायची आणि पलीकडे उतरलं की समोर सोंग-कोलचं निळं पाणी. वाटेत दुकान नाही, हॉटेल नाही, फोनची रेंज नाही. ज्याला घोड्यावर बसायची सवय नाही, तो पहिल्या संध्याकाळी उतरतो तेव्हा त्याच्या मांड्या इतक्या आखडलेल्या असतात की दोन पावलं टाकवत नाहीत. तरी लांबलांबच्या देशांतून माणसं पैसे मोजून येतात. मला सुरुवातीला कोडंच पडलं, इतका त्रास घ्यायला पैसे कशाला देतात? मग लक्षात आलं, आपल्याकडे शहरातली पोरं पाठीला ओझं बांधून, रात्री बॅटरी घेऊन कळसूबाई चढतात, ते तरी काय वेगळं करतात?

वरच्या मुक्कामाला राहायचं ते युर्तमध्ये. युर्त म्हणजे गोल तंबू. आतून लाकडी जाळीची भिंत, वर वाकवलेल्या काठ्या आणि मधोमध लाकडाचं एक गोल कडं, धूर जायला आणि उजेड यायला. त्या कड्याला ते ‘तुंदुक’ म्हणतात, आणि त्या देशाच्या झेंड्यावर सूर्याच्या मध्ये तेच चित्र आहे. विचार करा, घराच्या छपराचं चित्र झेंड्यावर! बाहेरून लोकरीचा जाड थर. ही लोकर विणलेली नसते. आपला जुना बुरणूस असायचा ना, लोकर भिजवून, दाबून, लाटून केलेला, तशी. आत शिरलं की उजवीकडची बाजू बाईची. तिथे भांडी, दूध, पीठ. डावीकडची गड्याची. तिथे खोगीर, लगाम. दारासमोरची जागा मानाची, पाहुण्याची.

आता त्या युर्तातल्या बाईचा दिवस बघा. पहाटे उठून आधी चूल. लाकूडफाटा तिथे नाहीच, झाड औषधाला सापडत नाही. जळण म्हणजे वाळलेलं शेण. गोवऱ्या थापणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. मग गाईंच्या धारा. आणि मग घोडीच्या धारा. हो, घोडीचं दूध काढतात. घोडीची कास लहान, एका वेळी दूध थोडंच निघतं, म्हणून दर दोनेक तासांनी काढावं लागतं, दिवसातून पाच-सहा वेळा. शिंगरू जवळच बांधलेलं असतं. आधी त्याला तोंड लावू द्यायचं, घोडीनं पान्हा सोडला की बाजूला करायचं आणि धार काढायची. एक जण शिंगरू धरतो, बाई गुडघ्यावर भांडं टेकवून बसते. ते दूध चामड्याच्या पिशवीत ओतून घुसळत राहायचं, की आंबतं. त्याला ‘किमिझ’ म्हणतात. आंबट, धुराचा वास येणारं, किंचित नशाही असणारं पेय. पाहुण्यांपैकी काहींना पहिल्या घोटालाच तोंड वाकडं होतं, पण घरात आलेल्याला किमिझ न देणं म्हणजे आपल्याकडे पाणी न विचारण्यासारखं.

त्यात भाकरी म्हणा, पाव म्हणा, तो घरीच भाजायचा. पिठाचे चौकोनी तुकडे तळायचे, शंकरपाळ्यासारखे पण गोड नसलेले, ते ‘बोरसोक’. दुधावरची दाट साय वेगळी काढायची. दह्याचा चक्का करून, मीठ घालून, छोट्या गोळ्या उन्हात वाळवायच्या, सांडगे घालतो तशा. आणि या सगळ्यात संध्याकाळी घोड्यावरून सहा पाहुणे येणार. त्यांना चहा, जेवण, गाद्या, रजया. रात्री त्या उंचीवर उन्हाळ्यातही हुडहुडी भरते, म्हणून झोपायच्या वेळी शेगडी पेटवायची.

हे सगळं ती बाई पाहुणे येण्याआधीही करतच होती. धारा, चूल, पाव, अंथरूण, सगळं. फक्त त्याचा दाम कुणी मोजत नव्हतं. माझ्या मते या धंद्याचं मूळ इथे आहे. घोडं पुढे दिसतं, फोटोत घोडं येतं. पण पाहुणा परत कुणाच्या घरी यायचं ते जेवणावर आणि अंथरुणावर ठरवतो.

ही व्यवस्था कशी उभी राहिली, ते आता सांगते. १९९१ पर्यंत हा देश सोव्हिएत संघाचा भाग होता. जनावरं सरकारी सामूहिक शेतांची होती, गावातल्या बायकामाणसांना पगार मिळायचा. देश वेगळा झाला, सामूहिक शेतं मोडली, पगार थांबले. हातात रोख पैसा नाही, म्हणून लोकांनी मेंढ्या विकल्या, कापल्या, पिठाच्या बदल्यात दिल्या. काही वर्षांतच देशातल्या मेंढ्या निम्म्याहून कमी झाल्या. बरीच माणसं कामाला रशियात गेली आणि आजही जातात. आपल्याकडची जोडपी दिवाळीनंतर पोरंबाळं घेऊन नारायणगावच्या मजूरबाजाराला जातात, हे ज्यांनी भोगलंय त्यांना त्याचा अर्थ कळेल.

तशा वेळी २००० साली कोचकोर गावात काही घरांनी एकत्र येऊन पाहुण्यांसाठी गट केला. स्वित्झर्लंडच्या हेल्वेतास या संस्थेनं सुरुवातीला हात दिला, शिकवलं. मग दुसऱ्या गावांत तसे गट झाले आणि २००३ मध्ये त्यांचा देशपातळीचा संघ झाला. म्हणजे आपलं गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ असतं त्याच धर्तीवर.

गटाचे नियम मला आवडले, म्हणून जरा सविस्तर सांगते. गावात गटाचं एक छोटं कार्यालय असतं आणि तिथे एक समन्वयक. पाहुणा आधी तिथे येतो. दर ठरलेले आणि लिहिलेले: राहण्याचे इतके, जेवणाचे इतके, घोड्याचे दिवसाला इतके, वाटाड्याचे वेगळे, आणि वाटाड्याच्या घोड्याचेही वेगळे. घासाघीस नाही. मग समन्वयक पाळीनं घर देते. काल या घरी पाहुणे गेले, आज पुढच्या घरी. ओळखीचं, नात्यातलं, सरपंचाचं घर म्हणून आधी नाही. घरांना दर्जा देतात, एक फूल, दोन फुलं, तीन फुलं. त्यांच्या डोंगरात उगवणारं पांढरं एडलवाइसचं फूल, त्याची खूण. संडास, अंघोळीची सोय, स्वच्छता पाहून फुलं ठरतात आणि दरही त्यावर. घरानं सुधारणा केली की फूल वाढतं. आलेल्या पैशातला मोठा वाटा घराला, आणि ठरलेला लहान वाटा गटाला, कार्यालयाचं भाडं, फोन, प्रशिक्षण यासाठी.

हे ऐकताना तुम्हाला आपली पंचसूत्री आठवली असेल. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, दप्तर. त्यांनी पाहुण्यांचं दप्तर ठेवलं, इतकंच.

आता सगळं गोडगोड आहे असं समजू नका. एखाद्या घराचा जम बसला, नाव झालं की ते घर म्हणतं, गटाला वाटा कशाला देऊ? पाहुण्यानं आपला फोन नंबर घेतलाय, पुढच्या वेळी तो थेट येईल. गाडीवाला म्हणतो, कार्यालयात कशाला जाता, माझ्या मावसभावाचा युर्त आहे. असं झालं की पाळी मोडते, आणि पाळी मोडली की लांबच्या, गरीब घराला पाहुणा मिळत नाही. काही गावांत गट नावालाच उरले. आणि हंगाम केवढा, तर जून ते सप्टेंबर. बाकी आठ महिने पाहुणा नाही. २०२० मध्ये करोना आला तेव्हा तर विमानंच बंद, अख्खा हंगाम कोरडा गेला. तेव्हा ही घरं तगली, कारण घोडं, गाय, मेंढी घरची होती. पाहुण्यावर पोट नव्हतं, पाहुणा ही वरकड कमाई होती. हा मुद्दा मला फार मोठा वाटतो.

म्हणूनच, आमच्या बैठकीत एका तरुण वहिनींनी जेव्हा विचारलं, “ताई, मग आपणही कर्ज काढून चार घोडी घेऊया का?” तेव्हा माझ्या आधी कोपऱ्यातल्या आजीच बोलल्या, “अगं, पाहुणा चार महिने बसंल, घोडं बारा महिने खाईल.” आजींचं बरोबर आहे. किरगिझ घरात घोडं आधीपासून आहे. ते वाहन आहे, दुभतं आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जेवणातही त्याचं मांस असतं. पाहुणा आला तर त्याच्या पाठीवर बसतो, नाही आला तर ते चरायला जातं. आपल्या घरात घोडं नाही. आपल्या घरात काय आहे? नाचणीची भाकरी, इंद्रायणी तांदूळ, रानभाज्या, हिरव्या मिरचीचा ठेचा, देशी कोंबडी, आणि काजव्याचं झाड कुठलं ते डोळे मिटून सांगणारी पोरं. सुरुवात करायची तर घरात आहे त्यापासून. घोड्यासाठी कर्ज मागणारा अर्ज माझ्याकडे आला तर मी सरळ नाही म्हणेन, राग आला तरी चालेल.

बायकांच्या कमाईचा आणखी एक धागा सांगते. कोचकोरमध्ये ‘अल्टिन कोल’ नावाची बायकांची सहकारी संस्था आहे. त्या लोकरीची जाजमं करतात, त्याला ‘शिरदाक’ म्हणतात. लोकर धुवायची, काठ्यांनी झोडायची, गवताच्या चटईवर पसरून उकळतं पाणी शिंपायचं, चटई गुंडाळायची आणि मग तासन्‌तास लाटायची, दाबायची, कोपरानं रेटायची. अंगमेहनतीचं काम. मग दोन रंगांचे थर एकावर एक ठेवून नक्षी एकदमच कापायची. लालातली नक्षी निळ्यात बसवायची, निळ्यातली लालात. म्हणजे एका कापण्यात दोन जाजमं, चिंधीसुद्धा वाया नाही. गोधडी शिवणाऱ्या हातांना हे लगेच पटेल. पूर्वी हे लेकीच्या लग्नात द्यायला घरोघरी करायच्या. २०१२ मध्ये युनेस्कोनं ही कला तातडीनं जपायला हव्या अशा वारशांच्या यादीत घातली, कारण शिकणाऱ्या मुली कमी होत चालल्यात. घोड्यावरून फिरून आलेला पाहुणा खाली गावात येतो, रात्री ज्या जाजमावर झोपला तसंच एक विकत घेतो. युर्तात पाहिलेलं असतं, त्यामुळे त्याला किंमत सांगून पटवावी लागत नाही.

आता जागेचा मुद्दा, कारण आपलं भांडण तिथेच अडलंय. किरगिझस्तानात कुरणं सरकारी मालकीची आहेत, ती विकता येत नाहीत. २००९ च्या कायद्यानं त्यांचा कारभार गावातल्या जनावरं पाळणाऱ्यांच्या संघटनेकडे दिला. कुणी किती जनावरं चारायची, किती पैसे भरायचे, ते तिची समिती ठरवते. तिथेही वाद होतात, वजनदार माणूस चांगलं कुरण बळकावतो, हे आहेच. पण कुरण कुणाचं, हा प्रश्न गावात सुटतो. आपल्याकडेही जिथे वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा मंजूर झालाय, तिथे ग्रामसभेला विचारल्याशिवाय त्या जंगलाचा, त्या माळाचा व्यवहार कुणी परस्पर करू शकत नाही. पाण्याकाठची जागा तर अनेकदा धरणाची, म्हणजे पाटबंधारे खात्याची असते. ती आपण तंबूवाल्याला द्यायची म्हटलं तरी आपल्याला देता येते का, हे आधी सातबारा काढून पाहिलं पाहिजे. आमच्याकडे इतकी वादावादी झाली, पण सातबारा कुणी आणलाच नव्हता. आता दोघी जणी तलाठ्याकडे जाऊन काढणार आहेत.

तंबूवाल्याशी माझं वैर नाही. त्याच्याकडे तंबू आहेत, शहरात ओळखी आहेत, मोबाईलवर जाहिरात करायचं कसब आहे. किरगिझ गटही शहरातल्या सहल कंपन्यांकडून पाहुणे घेतातच. पण कंपनी त्यांच्या दरानं घेते. बाईला रोजावर ठेवत नाही. रोज आणि दर यातला फरक समजून घ्या. रोज घेतला की पाहुणा दहा आले काय, शंभर आले काय, आपल्या हातात तेवढेच पैसे. आणि भांडी मात्र शंभरांची. ताटाला दर ठरला तर शंभर ताटांचे पैसे आपले.

तेव्हा येत्या बैठकीत मी प्रस्ताव ठेवणार आहे तो असा. जागेचा करार करायचा नाही. त्याऐवजी तंबूवाल्याला सांगायचं, तुझे तंबू तू तुझ्या जबाबदारीवर कायदेशीर जागी टाक, जेवण गटाकडून घे, ताटाला इतके रुपये. सोबत, ज्या घरात संडास आहे आणि एक खोली रिकामी होऊ शकते, अशा घरांची यादी करायची. माझ्या अंदाजानं आमच्या वाडीत सात-आठ घरं निघतील. त्यांना पाळीनं पाहुणे द्यायचे. पाळीची वही गटाकडे. पैसे ज्या बाईनं रांधलं तिच्या खात्यात, घरच्या गड्याच्या खात्यात नाही. ताटामागे थोडे पैसे गटाला. आणि कुणी पाळी मोडून पाहुणा थेट घेतला तर काय करायचं, तेही आधीच लिहून ठेवायचं. ते भांडण होणारच आहे.

एका बाईंनी विचारलंय, आमच्याकडे संडास आहे पण खोली नाही, आम्ही काय करायचं? त्यांनी भाकऱ्यांची पाळी घ्यावी. दुसरीनं विचारलंय, पाहुणे दारू पिऊन आले तर? हा प्रश्न खरा आहे आणि याचं उत्तर किरगिझस्तानात नाही मिळायचं. ते आपल्या ग्रामसभेतच ठरवावं लागेल, आणि ठराव लेखी घ्यावा लागेल. तुमच्या गावात असं काही ठरलं असेल, ताटाचा दर, पाळीची पद्धत, दारूबंदीचा नियम, तर केंद्राला जरूर कळवा. आमची बैठक पुढच्या शुक्रवारी दुपारी तीनला आहे. सातबारा तोवर हातात येईल.